शंभर मण्यांची माळ : कोणती घ्यावी, कशी वापरावी

सीनिअर केजी संपायच्या आतच मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं, आणि आईबाबांना वाटतं गणिताचा पाया झाला. त्याच मुलापुढे बारा बिस्किटं ठेवून मोजायला सांगा. बोट एका बिस्किटावर असतं आणि तोंड दोन आकडे पुढे गेलेलं असतं. म्हणणं आणि मोजणं यांतलं हे अंतर भरून काढायला मणीमाळेइतकं साधं साधन दुसरं नाही. मराठी शाळांत ती गणितमाळ म्हणून ओळखीची आहे आणि आता घरासाठीही विकत मिळते. फक्त घेताना पारखून घ्यावी लागते, कारण दिसायला छान पण कामाला निरुपयोगी अशा माळा बाजारात भरपूर आहेत.

माळेत रंग दोनच हवेत. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असं आलटून पालटून शंभरपर्यंत. प्रत्येक दशकाला वेगळा रंग दिला की मूल मोजणं सोडून ‘पिवळा म्हणजे चाळीस’ एवढंच लक्षात ठेवतं. लाल-हिरवी जोडीही टाळावी. काही मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त, हा फरक ओळखता येत नाही. निळा-पिवळा किंवा लाल-पांढरा उत्तम. मण्यांवर आकडे छापलेली माळ तर घेऊच नये. तिच्यावर मूल मोजत नाही, नुसतं वाचतं.

सगळ्यात जास्त घोळ दोरीत असतो. मणी एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर ती माळ भिंतीची शोभा. मणी सरकले पाहिजेत, आणि मोजलेले व उरलेले यांच्यामध्ये निदान दोन बोटांची फट पडली पाहिजे. त्यासाठी दोरी मण्यांच्या एकूण लांबीपेक्षा 15 ते 20 सेंटीमीटर जास्त लागते. 10 मिलिमीटरचे मणी असतील तर माळ साधारण सव्वा मीटरची होते आणि मुंबईतल्या छोट्या घरातही पलंगाशेजारच्या भिंतीवर बसते. 16 मिलिमीटरचे मणी लहान बोटांना सोयीचे, पण त्याला पावणेदोन मीटरच्या पुढे जागा लागते.

लाकडी मणी हाताला छान लागतात. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात हलकं लाकूड फुगतं, भोक आवळतं आणि मणी अडकतात. सुती दोरीला बुरशी धरते. त्यामुळे मुंबईत प्लॅस्टिकचे मणी आणि 2 मिलिमीटरची नायलॉन दोरीच टिकते. गाठ मारून टोक मेणबत्तीवर जरा वितळवून घ्यावं, म्हणजे ती सुटत नाही. खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, ती बघावी. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर काम झालं की माळ उंचावर ठेवावी. मणी घशात अडकू शकतो.

दहा तारांची मणीपाटी घरात आहे, मग माळ कशाला, असं पालक विचारतात. पाटीवर प्रत्येक दहा मण्यांनंतर तार बदलते, म्हणजे रांग तुटते. माळेवर 40 च्या लगेच पुढे 41 दिसतो. संख्या एका ओळीत वाढत जातात, हे चित्र मुलाच्या डोक्यात बसायला हवं.

माळ मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आडवी ताणून बांधावी. पहिले काही दिवस आकडे नकोत. नुसते मणी सरकवायचे, एका मण्याला एक शब्द. मग दहाच्या उड्या. मग ‘सदतीस दाखव’ : तीन गट एकदम, वर सात सुटे, आणि मोजलेल्या शेवटच्या मण्यानंतरच्या फटीत कपड्याचा चिमटा. मण्यावर चिमटा लावला तर तो मणी मोजायचा की नाही, असा गोंधळ होतो. आपण त्रेपन्न म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी येतो, म्हणून पुष्कळ मुलं 35 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावर केवढा वाद झाला! रूढ नावं बदला किंवा ठेवा, पाच गट आणि तीन सुटे हाताने सरकवलेलं मूल त्रेपन्नला पस्तीस लिहिताना थबकतं.

बेरीज-वजाबाकीत माळेची खरी कमाई आहे. 47 मध्ये 8 मिळवताना तीन मण्यांत पन्नास गाठायचे, उरलेले पाच पुढे. 52 मधून 38 वजा करताना 38 पासून चाळीसला दोन, तिथून बावन्नला बारा, म्हणजे 14. हातचा शिकवण्याआधी हे झालं, तर हातचा कुठून येतो ते मुलाला कळतं. इथे पालकांनी उत्तर सांगायची घाई अजिबात करू नये. मूल एकेक मणी मोजत बसलं तरी मोजू द्यावं. दहाच्या उडीने वेळ वाचतो हे ते स्वतःच शोधतं, आणि स्वतः शोधलेलं विसरत नाही.

दुकानातून बाहेर पडण्याआधी माळ काउंटरवर दहा-दहाच्या घड्या घालून शेजारी शेजारी लावावी. एखाद्या गटात नऊ किंवा अकरा मणी असतील तर ती घडी लगेच आखूड किंवा लांब दिसते. असली माळ तिथेच बदलून घ्यावी.