जगभरातील ईद पत्त्यांवर: मुलांसाठीच्या एका चित्रसंचाचे परीक्षण

मुस्लिम कुटुंबे वेगवेगळ्या देशांत आपले सण कसे साजरे करतात, हे मुलांना दाखवण्यासाठी तयार केलेला चित्रपत्त्यांचा एक संच नुकताच पाहण्यात आला. प्रत्येक पत्त्याच्या दर्शनी बाजूस एखाद्या घराचे किंवा गल्लीचे चित्र आहे, तर मागील बाजूस थोडक्यात माहिती दिली आहे. अशा साहित्याकडून माझी मुख्य अपेक्षा एकच असते: धर्माने सांगितलेले कोणते आणि त्या त्या प्रदेशाच्या रिवाजातून आलेले कोणते, हा फरक त्याने मुलांपर्यंत पोहोचवावा. तो फरक कळला नाही, तर इंडोनेशिया, तुर्कस्तान आणि सेनेगल येथील ईद म्हणजे तीन निराळे सण वाटू लागतात, किंवा मग एकाच घरातील पद्धत साऱ्या जगाची समजली जाते. या कसोटीवर संचाचा बराचसा भाग चांगला उतरतो. उरलेला मात्र मिठाया आणि पोशाख दाखवण्यातच रमतो.

सर्वांत सरस पत्ता फितऱ्याचा आहे. रमजानचे रोजे संपल्यावर ईदच्या नमाजापूर्वी घरातील प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरावीक मापाचे धान्य किंवा त्याचे मूल्य गरजूंना द्यायचे असते आणि ही जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते. चित्रात इंडोनेशियातील एक वडील तांदूळ मोजत आहेत आणि मुलगी घरात जितकी माणसे तितक्या पिशव्या मांडून ठेवत आहे. तेथे माणशी अडीच किलो तांदूळ हे माप सर्वसाधारणपणे धरले जाते, हेही मागे दिले आहे. दान म्हणजे काय यावर चार ओळींचा उपदेश करण्यापेक्षा हे मोजमाप मुलांना अधिक समजते, असे मला वाटते. यालाच जोडून ‘मुदिक’चा पत्ता येतो. ईदच्या आधी शहरांत काम करणारे लक्षावधी लोक बोटी, आगगाड्या आणि मोटारसायकलींवरून आपापल्या गावी निघतात, घरी पोहोचल्यावर वडीलधाऱ्यांसमोर वाकून वर्षभरातील चुकांची क्षमा मागतात आणि नारळाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला ‘केतुपात’ भात एकत्र खातात. फितरा हे धर्माचे विधान आहे आणि मुदिक हा त्या देशाचा रिवाज, हे दोन पत्ते शेजारी ठेवले की आपोआप उमगते.

तुर्कस्तानचा पत्ताही असाच नेमका आहे. सणाच्या आदल्या दिवशी कबरस्तानात जाऊन येणारे कुटुंब, मग दुसऱ्या दिवशी आजीच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावणारी नातवंडे आणि त्यांच्या तळहातावर पडणारी गोळ्या-चॉकलेटे, एवढेच त्यात आहे. पण सण मुख्यतः भेटीगाठींचा आहे हे त्यातून पुरेसे कळते.

बकरी ईदच्या बाबतीत मात्र संपादकांचा हात आखडलेला दिसतो. सेनेगलमध्ये या सणाला ‘तबास्की’ म्हणतात आणि त्यासाठी मेंढा निवडणे व त्याची निगा राखणे हे कुटुंबाचे मोठे काम असते. चित्रात न्हाऊन स्वच्छ झालेला पांढरा मेंढा आहे आणि मजकूर तेथेच थांबतो. कुर्बानी ऐपत असलेल्यांनी करायची असते, मांसाचे सामान्यतः तीन वाटे करून घर, नातलग-शेजारी आणि गरजू यांना दिले जातात, हे सांगितलेलेच नाही. ब्रिटनसारख्या देशात जनावर परवानाधारक कत्तलखान्यातच कापावे लागते, त्यामुळे अनेक कुटुंबे आपल्या नावाची कुर्बानी पैसे पाठवून दुसऱ्या देशात करवून घेतात, याचाही उल्लेख नाही. 2025 मध्ये मोरोक्कोत सततच्या दुष्काळाने मेंढ्यांची संख्या फार घटली, तेव्हा राजे मोहम्मद सहावे यांनी लोकांना त्या वर्षी कुर्बानी न करण्याचे आवाहन केले आणि सर्वांच्या वतीने आपण ती करू असे जाहीर केले. ईदची नमाज आणि गाठीभेटी तशाच राहून कुर्बानी मात्र टळू शकते, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण होते. मुले घाबरतील या भीतीने विषय टाळला असावा. परंतु ज्या घरांत ही मुले वाढतात तेथे तो टाळला जात नाही.

मोहरमच्या पत्त्यांवर मात्र संपादकांनी धैर्य दाखवले आहे. 10 मोहरम, म्हणजे आशुरा, हा एकच दिवस तीन पत्त्यांवर येतो. हिजरी सन 61 मध्ये करबला येथे इमाम हुसेन शहीद झाले, त्यांच्या स्मरणार्थ इराकमधील शिया कुटुंब काळ्या कपड्यांत शोक करते. तुर्कस्तानात धान्य, कडधान्ये आणि सुकामेवा घालून केलेली ‘आशुरे’ नावाची खीर वाटीवाटीने शेजाऱ्यांकडे जाते. मोरोक्कोत त्या दिवशी मुलांना खेळणी मिळतात आणि ती ढोलकी वाजवत फिरतात. कोणते बरोबर, असा निवाडा न देता हे तिन्ही पत्ते समोर ठेवले आहेत. मग खोक्यावर ‘आनंदाचे सण’ असे छापण्याची घाई कशासाठी केली, हे कळत नाही. शोकाच्या दिवशी कोणी शुभेच्छा देत नाही.

मिलादच्या पत्त्यावर इजिप्तमधील साखरेच्या बाहुल्या सुरेख रंगवल्या आहेत. पैगंबरांचा जन्मदिवस साजरा करणे काही विद्वानांना मान्य नाही आणि सौदी अरेबियात त्याची सरकारी सुटीही नसते, ही एक ओळ तेथे हवी होती.

संचासोबत येत्या अनेक वर्षांच्या तारखांचा तक्ता आहे आणि ही त्यातील सर्वांत सदोष वस्तू आहे. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असल्याने सण दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात, हे तक्त्यात नीट समजावले आहे. पुढे मात्र प्रत्येक ईदची तारीख ठाम छापली आहे. तुर्कस्तान खगोलीय गणिताने तारीख आधीच ठरवतो, तर इतर अनेक देशांत चंद्रदर्शनाची ग्वाही मिळाल्यावरच घोषणा होते, त्यामुळे एकाच शहरातील दोन कुटुंबांची ईद एका दिवसाने मागेपुढे होऊ शकते. ‘चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो’ एवढी सूचना कोणत्याही साध्या दिनदर्शिकेत असते. येथे ती नाही.

पत्त्यांचा खेळ देश आणि पदार्थ यांच्या जोड्या लावण्याचा आहे, म्हणजे फितऱ्याचा, मुदिकचा आणि मोहरमचा पत्ता खेळाबाहेरच राहतो. त्याऐवजी ‘विधान’ आणि ‘रिवाज’ असे दोन गठ्ठे करायला लावले, तर मुले वाद घालतील आणि तो वाद उपयोगी ठरेल. कागद जाड आहे, कोपरे गोल कापलेले आहेत, अक्षर मात्र लहान आहे. शाळेच्या वाचनालयाने हा संच अवश्य घ्यावा, तारखांचा तक्ता काढून ठेवावा आणि बकरी ईदच्या पत्त्यासोबत वाट्यांची माहिती शिक्षकांनी स्वतः सांगावी.