हाताच्या पाठीवरची जखम: ग्रॉइन फ्लॅप की फ्री एएलटी?

टेंडन उघडे पडलेत, पॅराटेनॉन (टेंडनवरचं पातळ आवरण) गेलंय, म्हणजे ग्राफ्ट (नुसती पातळ कातडी) धरणार नाही हे ठरलेलंच. मग फ्लॅपच, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट उचललेली जाड कातडी: ग्रॉइन (जांघेतला, हातावर रुजेपर्यंत जांघेला जोडलेलाच राहतो) नाहीतर फ्री एएलटी (मांडीचा, पूर्ण सुटा करून मायक्रोस्कोपखाली हाताच्या रक्तवाहिन्यांना जोडलेला). मी दोन्ही करतो, त्यामुळे कट्टर कुठल्याच बाजूचा नाही, पण अगदीच तटस्थ आहे असंही म्हणवत नाही.

ग्रॉइनवर खरंतर जीव आहे माझा. १९७२ मध्ये मॅकग्रेगर आणि जॅक्सननी मांडलेला फ्लॅप, मायक्रोस्कोप नसला तरी होतो, रक्तवाहिनी सहसा दगा देत नाही, डोनरची जागा (जिथून फ्लॅप घेतला ती) बहुतेकदा सरळ शिवून बंद होते आणि व्रण कपड्याखाली जातो. पेशंटला लांबलचक ऑपरेशन झेपणार नसेल तर आजही मी तोच करतो.

पण ते तीन आठवडे! हात जांघेला शिवलेला, उंच धरता येत नाही म्हणून सूज उतरत नाही, आणि सुजलेल्या हाताची नकल्स सरळच्या सरळ आखडतात, फिजिओवाले येऊन जमतील तेवढी बोटं हलवून जातात बस. पेशंट झोपेत कूस बदलायला घाबरतो, संडासला जायला दुसरं माणूस लागतं. शेवटी पेडिकल (फ्लॅपला जांघेशी जोडणारा देठ) कापतो तेव्हा फ्लॅप मस्त जगलेला असतो, आम्ही फोटो काढतो, आणि त्याची मूठ काही वळत नाही, खांदाही धरलेला. मोजमाप नाही केलेलं, पण माझ्या बघण्यातले ग्रॉइनवाले कामावर उशिराच परतले.

एएलटीचं दुखणं वेगळं. सुरुवातीला दर तासाला रंग बघा, निळा पडला तर मध्यरात्री थिएटर उघडा, आणि गेला तर बहुतेकदा आख्खा जातो. जाड मांडीच्या माणसाला हातावर उशी ठेवल्यासारखं दिसतं, मग डिबल्किंग, म्हणजे जादा चरबी काढून फ्लॅप पातळ करणं, आलंच (ग्रॉइनलाही येतंच म्हणा). पण हात पहिल्या दिवसापासून उंच राहतो, टेंडनचं काम त्याच बैठकीत उरकता येतं, हवा तर फॅसिया लाटाही (मांडीच्या स्नायूंवरचा चिवट पडदा) सोबत घेता येतो, आणि बोटं लवकर हलायला लागतात. माझ्यासाठी इथेच पारडं झुकतं.

अर्थात रात्री री-एक्सप्लोर करायला (परत उघडून रक्तवाहिनी तपासायला) टीम नसेल तर हा हट्ट नको. ग्रॉइनच करायचा ठरला तर पेडिकल जरा लांब ठेवून त्याची ट्यूब (नळी) करा म्हणजे मनगट थोडंफार हलतं, आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा, शुद्धीवर येताना पेशंटने हात हिसकला की टाके उसवतात.