बाळाच्या लसीला गेले होते, प्रश्न मला विचारले

होटगी रोडच्या या बालरोग दवाखान्यात मी फक्त बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला गेले होते. डिलिव्हरी दुसरीकडं झाली, तिथं टाके बघितले, बीपी बघितलं, दूध पुरतं का विचारलं, पण मला कसं वाटतंय हे एकदाही कुणी विचारलं नाही. घरी आई म्हणायची ओली बाळंतीण आहेस, रडू नको, डोळे जातील, आणि डिंकाचा लाडू पुढं ठेवायची, आणि मी बाळ झोपलं तरी रात्रभर पंख्याकडं बघत पडायचे.

इथं सिस्टरनी मराठीतला एक कागद दिला, दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं त्यावर टिक करायची. एडिनबर्ग स्केल म्हणतात त्याला, बाळंतपणानंतरचं नैराश्य (डिप्रेशन) असू शकतं का ते बघायला, १९८७ पासून वापरात आहे, एका प्रश्नाला ० ते ३ मार्क, एकूण ३०, जितके जास्त तितका त्रास जास्त. सासूबाई शेजारी बसून कागदात बघत होत्या तर सिस्टर म्हणाल्या "मावशी, चला बाळाचं वजन करून घेऊ" आणि त्यांना आत घेऊन गेल्या. खरं सांगते, त्या तिथंच असत्या तर मी सगळं छान आहे असंच भरलं असतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायचा विचार आला का असा आहे. तिथं पेन थांबला. मग 'कधीकधी'वर टिक केली.

१७ मार्क झाले. डॉक्टर म्हणाले पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींचं आपोआप जातं पण तुमचे सहा आठवडे झालेत, नुसत्या मार्कांवरून आजार ठरत नाही, ते मानसोपचारवाले बघून सांगतील, पण दहाव्याला टिक आहे तर मी तुम्हाला असंच घरी सोडणार नाही. माझ्यासमोरच फोन लावून त्याच संध्याकाळची वेळ घेतली, नवऱ्याला बोलावून घेतलं, आणि रात्री-बेरात्री वाटलं तर म्हणून फाईलवर १४४१६ लिहून दिलं. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. संध्याकाळी मानसोपचारवाल्यांनी गोळी पण अंगावर पाजणं चालू ठेवता येईल अशीच दिली, मला तीच भीती होती. फरक पडायला तीन-चार आठवडे गेले.

एक स्टार कमी देतेय कारण गर्दी फार, दूध पाजायला आडोसा नाही, आणि हा कागद गरोदरपणातच द्यायला पाहिजे. लसीला गेलात तर स्वतःहून मागा, आणि भरताना बाळ सोबतच्या माणसाकडं देऊन बाहेर पाठवा.