जुन्या स्कूटरच्या फसवणुकीत कामी आलेलं विधी सेवा प्राधिकरण

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. आमच्या जिल्ह्यातला माझा अनुभव सविस्तर लिहिते आहे, कारण दुकानातून नव्हे तर माणसाकडून जुनी वस्तू घेतली की दाद कुठे मागायची हे कुणी धड सांगत नाही.

ओळखीतून कळलेल्या एका गृहस्थांकडून मी स्कूटर घेतली, ४२ हजारांना. अपघात झालाय का, असं व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारलं होतं. ‘एकदाही नाही, हवं तर लिहून देतो,’ हे त्यांचं उत्तर. आरसी नावावर झाली आणि थोड्याच दिवसांत हँडल डावीकडे ओढायला लागलं. मेकॅनिकने पुढचं पॅनेल काढून दाखवलं: फोर्क वाकलेला, चेसिसला वेल्डिंग. गृहस्थ म्हणाले, जुनी गाडी आहे, बघून घेतलीत, आता माझा संबंध नाही.

प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकील मॅडमनी आधी काय होणार नाही ते सांगितलं, आणि मला हेच फार मोलाचं वाटलं. ग्राहक आयोगात हे प्रकरण बसत नाही, कारण आपली एखादी गाडी विकणारा माणूस व्यापारी नव्हे. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली मुळापासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि त्यातून पैसे परत मिळतीलच असं नाही. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातही, धंदा म्हणून न विकणाऱ्याने दर्जाची हमी आपोआप दिली असं धरत नाहीत.

मग त्यांनी १८७२ च्या करार कायद्यातलं घोड्याचं उदाहरण सांगितलं. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असून विकणारा नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी समजेन,’ आणि तरीही विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. माझ्याकडे तर सरळ लेखी खोटं होतं! अशा वेळी करार रद्द करून पैसे मागता येतात, किंवा गाडी ठेवून नुकसानभरपाई. दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, आणि दुरुस्तीआधी मेकॅनिककडून तारखेसह लेखी घ्या, हे त्यांनी बजावलं.

दावा न लावता आम्ही लोकअदालतीसाठी दाखलपूर्व अर्ज केला, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच तडजोडीसाठी करायचा अर्ज. कोर्ट फी नाही. समोरच्याला नोटीस गेली. इथे या सेवेची मर्यादा कळते: त्याने यायलाच हवं अशी सक्ती नाही. पहिल्या तारखेला गृहस्थ आलेच नाहीत. शिवाय आमच्या कार्यालयात बसायला जागा अपुरी, आणि कोणत्या खिडकीवर काय द्यायचं ते विचारत फिरावं लागतं. म्हाताऱ्या माणसांचे तिथे फार हाल होतात, ते सुधारायलाच हवं.

पुढच्या तारखेला ते आले, मेसेजची प्रिंट आणि मेकॅनिकचा कागद पाहिला, आणि बरीच घासाघीस होऊन १५ हजारांवर तडजोड झाली. चेसिसचं काम त्यात निघालं. लोकअदालतीत निवाडा झाल्यामुळे त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ आहे आणि त्यावर अपील नाही.

पाचपैकी चार तारे, आणि ते मुख्यतः त्या मॅडमच्या सरळ बोलण्याला. मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही नाही. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. जाण्याआधी १५१०० या हेल्पलाइनवर विचारून घ्या. सोबत ओळखपत्र, आरसीची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा आणि मेसेजच्या प्रिंट न्या.