डोंबिवली फास्ट, पावसाळा आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स: आठ महिने वापरल्यानंतर

गुढीपाडव्याच्या आठवड्यात बोरा बझारमध्ये जाऊन दोन घडीचे सॉफ्टबॉक्स घेतले, म्हणजे फ्लॅशवर लावून प्रकाश मऊ करायचे कापडी डबे. दोन्ही अष्टकोनी, छत्रीसारखे उघडणारे. एक १२० सेंटिमीटरचा, खोलगट; दुसरा ९० चा. दुकानातल्या पोराने भिंतीवर फ्लॅश मारून दाखवला, मी मान डोलावली आणि पैसे दिले. सीएसएमटीला लेडीज डब्यात चढताना कळलं की मी परीक्षा भलत्याच विषयाची घेतली होती. मोठ्याची पिशवी बंद असतानाही जवळजवळ ९० सेंटिमीटर लांब. आडवी धरली की कुणाच्या तरी बरगडीत, उभी धरली की दाराच्या खांबाला. घाटकोपरला एका मावशींनी विचारलंच, "बंदूक आहे का गं यात?"

माझं काम म्हणजे दादरच्या साड्यांचे कॅटलॉग, नाटकातल्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ, अधूनमधून केळवण नाहीतर डोहाळजेवण. स्टुडिओ नाही. जाईन ते घर माझा स्टुडिओ, आणि सामान मी एकटी वाहते. त्यामुळे हा अनुभव गाडीवाल्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

फ्लॅश गोडॉक्स एडी २००, तो एस२ ब्रॅकेटमध्ये, म्हणजे फ्लॅश आणि डबा स्टँडवर एकत्र धरणाऱ्या पकडीत बसवते. सॉफ्टबॉक्स बोवेन्स माउंटचे; माउंट म्हणजे डबा जिथे अडकतो ती जोडणी. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचं माउंट इतक्या जणांनी उचललंय की आता तेच चलन झालंय. घेताना हेच घ्या. एखाद्या कंपनीचं स्वतःचं खास माउंट घेतलंत की पुढचा प्रत्येक डबा तिच्याच दारात जाऊन घ्यावा लागतो.

प्रकाश मऊ कशाने होतो, यावर दुकानात बरंच ऐकवतात: आतलं चांदीचं अस्तर, सोळा काड्या, खोली. काड्या जास्त असल्या की आकार गोल होतो आणि डोळ्यांतला ठिपका छान दिसतो, एवढं खरं. पण मऊपणा ठरतो तो चेहऱ्याकडून बघितल्यावर प्रकाश किती मोठा दिसतो यावर. ९० चा डबा दोन मीटरवर नेला तर तो एक मीटरवरच्या ४५ च्या डब्याइतकाच उरतो. म्हणून मी त्याला फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणते, कधीकधी चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर. मुलं दचकतात, फोटो बघितल्यावर गप्प बसतात.

जवळ आणण्याचा दुसरा फायदा मुंबईच्या खोल्यांत जास्त कळतो. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत शूट होतं, मागे पिस्ता रंगाची भिंत, तिच्यावर कॅलेंडरचा खिळा. डबा चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर आणि भिंत डब्यापासून २१० वर, म्हणजे तिप्पट लांब. अंतर तिप्पट झालं की प्रकाश नवव्या हिश्शावर येतो, तीन स्टॉपांहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) थोडा जास्तच उतरतो. हा हिशेब कागदावरचा; डबा इतका जवळ असताना तंतोतंत बसत नाही. पण पिस्ता रंगाची राखाडी झाली आणि खिळा अंधारात गेला. तोच डबा मागे सरकवला असता तर खिळ्याचाही पोर्टफोलिओ झाला असता.

आपल्या घरांची खरी अडचण मात्र भिंतींची नसते, त्यांच्या पांढऱ्या रंगाची असते. प्रकाश चारही बाजूंनी परत येतो, सावल्या भरून जातात आणि चेहरा सपाट पडतो. ग्रिड, म्हणजे प्रकाश बाजूंना पसरू न देणारी ती कापडी चौकटींची जाळी, मी पहिले दोन महिने पिशवीतूनच काढली नव्हती. आता ती लावल्याशिवाय घरात काम सुरू करत नाही. शिवाय अंधाऱ्या बाजूला एक काळी चादर टांगते. ग्रिडने अंदाजे एक स्टॉप जातो, आतलं दुसरं कापड लावलं की आणखी साधारण तेवढाच. घरात हे परवडतं.

उन्हात परवडत नाही. मे महिन्यात बोरिवलीहून फेरीने गोराईला गेलो होतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद, म्हणजे कडक उन्हात लेन्सचं छिद्र साधारण एफ/११ वर, बरंच लहान. २०० वॅट-सेकंदांचा फ्लॅश दोन कापडांमागून तिथे काय करणार? आतलं कापड काढलं, डबा जवळ आणला, तेव्हा कुठे चेहरा उजळला. हायस्पीड सिंक (खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय) लावून छिद्र उघडायचा मोह होतो, पण त्यात फ्लॅशची ताकदच आटते. आणि वारा! सॉफ्टबॉक्स हे मुळात शीडच. १२० चा डबा स्टँडसकट आडवा झाला, दोन काड्या वाकल्या. चूक माझीच. वजन न बांधता मी लेन्स बदलायला वळले होते. आता किनाऱ्यावर जाताना दोन रिकाम्या कापडी पिशव्या नेते, वाळू तिथे फुकट मिळते.

साड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला हवं होतं तेव्हा हे कुठे सापडलं नाही. पैठणीची जर मोठ्या मऊ प्रकाशात समोरून घेतली तर पिवळा कागद दिसते. जरीला कोन लागतो. मी ९० चा डबा समोरून न रोखता थोडा पुढे वळवते, म्हणजे कापडावर त्याची फक्त कड घासून जाते. पदरासाठी ३० बाय १२० चा उभा पट्टीचा डबा मागून, बाजूने लावते. मग मोराच्या मानेवर एकेक धागा उठतो. हा पट्टीचा डबा जूनमध्ये नंतर घेतला आणि आज तोच सगळ्यात जास्त राबतो. नथीच्या मोत्यांत मात्र डब्याचं प्रतिबिंब येणारच. ते गोल आलं तर चालतं, चौकोनी आलं तर खिडकीसारखं दिसतं. अष्टकोनी घ्यायचं माझ्या मते हेच एक ठोस कारण.

घामाचंही सांगायला हवं. ऑक्टोबरच्या उकाड्यात कपाळ चमकतंच, पावडर किती वेळ टिकणार? तीच चमक मोठ्या, जवळच्या डब्याखाली पसरते आणि फिकी होते. नुसत्या फ्लॅशखाली टाचणीच्या टोकासारखी पांढरी उठते. एडिटिंगमध्ये माझा निम्मा वेळ इथे वाचला.

आता तक्रारी. जुलैत दोन आठवडे काम नव्हतं, डबे कपाटावर पडून होते. उघडले तर ९० च्या घडीवर काळे ठिपके आणि कुबट वास. लोखंडी बिजागऱ्यांवर गंज. वर काड्या जिथे मुडपतात तिथे चांदीचं अस्तर सोलायला लागलंय. प्रकाशावर अजून परिणाम नाही, पण आणखी एक पावसाळा ते काढेल असं वाटत नाही. बाहेरच्या कापडाचं वेल्क्रो सहाव्या महिन्यात सुटलं. नाक्यावरच्या टेलरकाकांनी नवीन शिवून दिलं, दुकानाने वॉरंटीत वेल्क्रो येत नाही असं सांगितलं होतं. ठिपके सौम्य साबणाने पुसले, पूर्ण गेले नाहीत. आता शूटहून आल्यावर डबा रात्रभर उघडाच पंख्याखाली ठेवते. आईची कुरकुर असते की बैठकीत हत्ती बसलाय.

उघडायला ९० ला अर्धा मिनिट लागतं. १२० ला शेवटच्या दोन काड्या गुडघ्याने दाबाव्या लागतात, आणि क्लायंटच्या सासूबाई बघत असताना ते बरं दिसत नाही. नऊवारीतली पूर्ण उंची किंवा पाच-सहा जणांचा ग्रुप असेल तर मात्र त्याला पर्याय नाही. ९० त्यासाठी मागे न्यावा लागतो आणि मग तो कडक होतो. पण अशी कामं माझ्याकडे महिन्यातून एखादं. तेवढ्यासाठी दादरच्या पुलावर रोज कोण भांडणार?

दिवाळीनंतर १२० चा डबा ठाण्यातल्या एका मित्राच्या स्टुडिओत कायमचा नेऊन ठेवला. लागेल तेव्हा तिथेच शूट करते. पट्टीच्या डब्याला ग्रिड घेतली, आणि ९० ची पिशवी आता लेडीज डब्यात वरच्या रॅकवर मावते.