कर्करुग्णांसाठी घरपोच मसाज: पुण्यातील एका सेवेचा अनुभव
आईच्या स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना आम्ही पुण्यातील एका घरपोच मसाज सेवेची मदत घेतली. तेलाची बाटली उघडण्यापूर्वीच थेरपिस्टबाईंनी रक्ततपासणीचा ताजा अहवाल मागितला, प्लेटलेटची संख्या पाहिली, डॉक्टरांची संमती असल्याची खात्री केली आणि ज्या बाजूच्या काखेतील लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या होत्या तो हात व छातीवरचा केमो पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) या दोन्हींना हात लावणार नाही, असे सांगितले. माझ्या मते अशा सेवेची खरी पारख इथेच होते. दाब अगदी हलका, सायीवरून बोट फिरवावे तसा, आणि तेल बिनवासाचे, कारण केमोच्या दिवसांत सुगंधानेही मळमळते. पाठीचा ठणका आणि रात्रीची घालमेल त्या दिवशी बरीच उतरली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील १,२९० रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींतही मसाजनंतर वेदना, चिंता यांसारख्या लक्षणांची तीव्रता सुमारे निम्म्याने घटलेली दिसते. तुलनेसाठी मसाज न घेतलेला गट मात्र त्यात नव्हता. बाईंनीही रोग बरा करण्याचा दावा कधी केला नाही. वेळेच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद आहे: सकाळची वेळ ठरवावी आणि त्यांनी दुपारी यावे, हे थकलेल्या रुग्णाला परवडत नाही.