सहा कामांची यादी, चार खणांची चौकट की घड्याळाचे तुकडे?

आमचा छोटा छापखाना. मशीनवर एक जण, कटिंगला एक, गल्ल्यावर मी. लग्नसराईत शटर वर करायच्या आधीच दोघं-तिघं पायरीवर बसलेले असतात. अशा दिवसात आधी काय करायचं हे ठरवायच्या तिन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या.

यादीची पद्धत जुनी. १९१८ च्या सुमारास आयव्ही ली या सल्लागाराने बेथलेहेम स्टील या अमेरिकी कंपनीचे प्रमुख चार्ल्स श्वाब यांना ती सुचवली, असं सांगतात. रात्री उद्याची सहा कामं क्रमाने लिहायची, सकाळी पहिल्याला भिडायचं, ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. या युक्तीचे लीला २५ हजार डॉलर मिळाल्याची कथा आहे. खरी असो वा नसो, श्वाबसाहेबांच्या दारात ‘शंभर व्हिजिटिंग कार्डं लगेच काढून द्या की’ म्हणणारं गिऱ्हाईक नसणार! माझी सहा कामं कधीच झाली नाहीत. मग तीन केली. गल्ला मोजून झाला की जुन्या पावतीच्या पाठीवर लिहितो. सकाळी डोकं खाजवत बसावं लागत नाही, एवढ्यासाठीच ही पद्धत मला आवडते.

चार खणांची चौकट अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नावावर खपते. काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, यावरून ते चारपैकी एका खणात टाकायचं: लगेच करा, वेळ ठरवून करा, दुसऱ्याकडे सोपवा किंवा सोडून द्या. तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक त्यांनी १९५४ च्या एका भाषणात सांगितला, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षांचा दाखला देऊन. रोजच्या धबडग्यात ती मला निरुपयोगी वाटली. गिऱ्हाइकाला सगळंच तातडीचं असतं, आणि ‘दुसऱ्याकडे सोपवा’ या खणासाठी दुसरा माणूस लागतो. पण आठवड्यातून एकदा ती हवीच, कारण उधारीची वसुली आणि जीएसटी तिच्याशिवाय दिसत नाहीत. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना विक्रीच्या तपशिलाच्या जीएसटीआर-१ साठी ११ तारीख, कर भरायच्या जीएसटीआर-३बी साठी २०. पंधरा तारखेला ३बी बिनघाईचं वाटतं. एकवीस तारखेपासून दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं, कर थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं.

तिसरी पद्धत वेळ बांधून घेण्याची, म्हणजे दिवसाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका कामाला देण्याची. ती मी पाचशे पत्रिका रद्दीत घालून शिकलो. प्रूफ टेबलावर होतं, यादीत पहिलंही होतं. मध्येच एक पावतीपुस्तकवाले आले, मग फोन, मग कागदाचा टेम्पो. त्या गडबडीत वरवर नजर फिरवून जॉब मशीनवर चढवला. मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३७ मिनिटांचा, छापला ७ वाजून ३६. यादीने काम ठरवून दिलं होतं, पण ते करायला निवांत तास दिला नव्हता.

गल्ल्यावर एकटेच असाल तर दिवसभराचे तुकडे पाडायच्या फंदात पडू नका, दुसऱ्याच गिऱ्हाइकाला वेळापत्रक कोलमडतं. तीन कामांची यादी पुरे. ज्यात चूक झाली की पदरचे पैसे जातात, अशा एकाच कामाला मात्र वेळ बांधा. हाताखाली विश्वासाचं माणूस असेल तर दोन-तीन कामांना बांधता येईल. चौकट सोमवारी, चहा होईपर्यंत.

माझं प्रूफवाचन आता नऊ ते दहा, शटर अर्धं खाली ओढून. तरी खालून वाकून कुणीतरी ‘आहे का कुणी?’ विचारतंच. त्याला दहाला यायला सांगतो. बहुतेक जण येतात.